क्रोएशियन नटाची कारकीर्द कशी लिहावी

फिल्म क्लबच्या खेळाआधी वाटायचं दोन पानी टिपण असो, दिवाळी अंकातला लेख असो की मराठी विकिपीडियावरची नोंद, क्रोएशियन नटावर लिहायला बसलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात एक ठरलेली चूक करतो. तो इंग्रजी चित्रपटांची यादी उघडतो आणि तिलाच कारकीर्द समजतो.

रादे शेर्बेजिया यांचंच बघा. आपल्याकडच्या बहुतेकांनी त्यांना पाहिलंय ते ‘आइज वाइड शट’मधला (१९९९) वेषभूषेच्या दुकानाचा मालक मिलिच, ‘स्नॅच’मधला (२०००) बोरिस द ब्लेड किंवा हॅरी पॉटरच्या सातव्या चित्रपटातला (२०१०) छड्या बनवणारा ग्रेगोरोविच म्हणून. त्यांचा जन्म २७ जुलै १९४६ चा, झाग्रेबच्या नाट्य अकादमीतून ते बाहेर पडले १९६९ साली. मिलिचपासून सुरुवात केली तर मधली तीस वर्षं गायब होतात, आणि नट घडला तो नेमका त्या तीस वर्षांत. डॉ. श्रीराम लागूंना फक्त हिंदी सिनेमातल्या चरित्र भूमिकांवरून ओळखणाऱ्याने त्यांच्यावर लेख लिहावा, तशातला हा प्रकार.

म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवा. एक संध्याकाळ नावांना, एक पडद्याला, आणि रंगभूमीला किमान तीन. खाली शेर्बेजिया हेच मुख्य उदाहरण धरलंय. नट बोरिस द्वोर्निक आणि अभिनेत्री मिरा फुर्लान गरजेपुरते येतील.

नावं आधी मार्गी लावा

नाव चुकलं की शोध चुकतो, त्यामुळे हे काम लेखाच्या शेवटावर ढकलू नका. क्रोएशियन लिपी रोमन असली तरी वाचायची इंग्रजीसारखी नाही. एका अक्षराला एकच उच्चार आहे. मराठी माणसाला ती इंग्रजांपेक्षा सोपी जाते.

सगळ्यात जास्त चुकतात ते त आणि द. क्रोएशियन भाषेत ट-ड नाहीत, दंत्य त-द आहेत. म्हणून राडे नव्हे, रादे. ड्वोर्निक नव्हे, द्वोर्निक. फुटबॉलमुळे आपल्या वर्तमानपत्रांत ‘मॉड्रिच’ रुळला आहे, तो खरा मोद्रिच. रुळलेलं रूप बातमीत बदलायची गरज नाही, पण नव्याने आणत असलेल्या नावांना तरी ट-ड लावू नका.

‘जे’ हे अक्षर य आहे: राय्को, योवानोविच, रियेका. साधा ‘सी’ म्हणजे चाक, चमचा या शब्दांतला आपला च. आपल्याला तो जन्मतः येतो, पण देवनागरीत ‘च’ लिहिला की वाचणारा चार-चहातला च वाचेल अशी भीती असते. तेव्हा तिथे ‘त्स’ लिहावं. शेर्बेजिया लहानाचे मोठे झाले ते गाव विन्कोव्त्सी. ‘विन्कोव्ची’ किंवा ‘विन्कोव्की’ दिसलं की लिहिणाऱ्याने इंग्रजीतून उचललंय हे ओळखावं. डोक्यावर खूण असलेले सी दोन आहेत, एकावर उलट्या टोपीसारखी आणि एकावर तिरकी रेघ. उच्चारात थोडा फरक आहे, पण देवनागरीत दोन्हींसाठी ‘च’ पुरतो. खुणेचा एस म्हणजे श. ‘झेड’ खुणेसह असो वा खुणेशिवाय, आपल्याकडे झच: झाग्रेब, झाफ्रानोविच, झिवोयिन. खुणेचा झेड आणि त्याच्या आधी डी अशी जोडी आली तर तो जीवनातला ज, आणि आडवी रेघ मारलेला डी हाही जच.

आता स्वराशिवायचा ‘र’. कर्क या बेटाच्या नावात रोमन लिपीत एकही स्वर नसतो. इथे ऋकार वापरायचा मोह होतो, पण मराठीत ऋ चा उच्चार ‘रु’ होतो आणि गृलिचचा ग्रुलिच होऊन बसतो. र च्या आधी निसटता अ धरून लिहिलं की वाचणाऱ्याची जीभ बरोबर वळते: गर्लिच, कर्स्तो, मर्दुशा.

यानंतर प्रत्येक नावाची तीन रूपं एका कागदावर उतरवून ठेवा: खुणांसहित क्रोएशियन, खुणा गाळलेलं, आणि सिरिलिक. सर्बिया आणि मॅसिडोनियाच्या कागदपत्रांत सिरिलिक लागतंच. शेर्बेजियांच्या बाबतीत चौथंही रूप आहे. काही इंग्रजी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचं आडनाव इंग्रजी उच्चाराच्या सोयीने वेगळ्याच स्पेलिंगने, ‘श’साठी दोन अक्षरं आणि ‘ज’साठी डी-जी जोडून लिहिलंय. या रूपाने शोध घेतला नाही तर नेमके २००० सालच्या आसपासचे चित्रपट हातून निसटतात.

आणखी एक फसगत. क्रोएशियनमध्ये नामाला विभक्ती लागते तेव्हा विशेषनामही बदलतं. घोडा, घोड्याला, घोड्याचा हे आपल्याला नवीन नाही. तिथे माणसांची आडनावंही घोड्यासारखी वाकतात. ‘द्वोर्निकचा’ हे ‘द्वोर्निका’ होतं, ‘द्वोर्निकबरोबर’ हे ‘द्वोर्निकोम’. त्यामुळे जुनी वर्तमानपत्रं चाळताना शेवटचं अक्षर सोडून नावाचा गाभाच शोधा. व्यंजनात संपणारं बाईंचं आडनाव मात्र वाकत नाही, फक्त पहिलं नाव बदलतं: मिरा फुर्लानचं ‘मिरे फुर्लान’ होतं. हा ‘मिरे’ कोणी वेगळी व्यक्ती नव्हे.

तारखांचा सापळा

क्रोएशियन महिन्यांची नावं जानेवारी-फेब्रुवारीच्या कुळातली नाहीत, ती शेताशिवाराची आहेत. जुलै म्हणजे सर्पान्य. ‘सर्प’ म्हणजे विळा, कापणीचा महिना. जून म्हणजे लिपान्य, ऑक्टोबर म्हणजे लिस्तोपाद, पानगळ. दोन ठिकाणी घोटाळा होतो. लिपान्य आणि सर्पान्य एकमेकांत मिसळतात. आणि लिस्तोपाद हा शब्द पोलिश आणि चेक भाषांत नोव्हेंबरसाठी आहे, त्यामुळे यंत्रभाषांतर कधीकधी महिनाभर पुढे सरकतं. बाराही नावं एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवा. सर्बियन मजकुरात मात्र ‘युल’, ‘ओक्तोबार’ असे ओळखीचे शब्द भेटतील.

रंगभूमी: इथे वेळ घाला

चित्रपटांच्या जागतिक सूच्यांत नाटकं नसतात. नाट्यगृहांची स्वतःची संग्रहपानं, महोत्सवांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली परीक्षणं आणि झाग्रेबला क्रोएशियन विज्ञान व कला अकादमीचा रंगभूमी-इतिहास विभाग, इथूनच ती गोळा करावी लागतात. प्रत्येक नाटकामागे सात रकाने ठेवा: नाटक, लेखक, दिग्दर्शक, भूमिका, संस्था, स्थळ, पहिल्या प्रयोगाची तारीख. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. अंदाजाने भरलेला रकाना दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या लेखात सत्य म्हणून उगवतो.

संस्थांच्या नावांत दोन गफलती हमखास होतात. पहिली, एचएनके. ही क्रोएशियन राष्ट्रीय नाट्यगृहाची आद्याक्षरं, पण असं नाट्यगृह एकच नाही. झाग्रेब, स्प्लित, रियेका, ओसियेक, वाराझ्दिन, प्रत्येक ठिकाणी ते आहे. नुसतं ‘एचएनकेमध्ये काम केलं’ असं लिहिणं म्हणजे ‘महापालिकेच्या शाळेत शिकला’ एवढंच सांगणं. शिवाय क्रोएशियन फुटबॉल क्लबचीही तीच आद्याक्षरं होतात, त्यामुळे शोध घेतला की निम्मे निकाल हायदुक स्प्लितच्या सामन्यांचे येतात. शोधात ‘काझालिश्ते’, म्हणजे नाट्यगृह, हा शब्द जोडा. हा शब्द उगमही सांगतो: क्रोएशियन लेखक काझालिश्ते म्हणतो, सर्बियन लेखक पोझोरिश्ते. दिग्दर्शकासाठी पहिला ‘रेदातेल्य’ लिहितो, दुसरा ‘रेदितेल्य’. कोणता मजकूर कुठला, हे एवढ्यावरून कळतं.

दुसरी गफलत बदललेल्या नावांची. आजचं गावेल्ला नाट्यगृह १९५३ साली झाग्रेब नाट्यगृह म्हणून सुरू झालं, दिग्दर्शक ब्रांको गावेल्ला यांचं नाव त्याला १९७० मध्ये मिळालं. म्हणजे १९६० च्या प्रयोगापुढे ‘गावेल्ला’ लिहायचं तर ‘आताचे’ हा शब्द जोडायला हवा. विनोदी नाटकांचं केरेम्पुह आधी यझावात्स होतं. विद्यार्थी केंद्रातलं १९६६ चं प्रायोगिक नाट्यगृह तर नावातच ‘इत्यादी’ आहे. क्रोएशियनमधल्या ‘इ ताको दाल्ये’ची ती आद्याक्षरं, आणि सुरुवातीचा ‘इ’ कधी अक्षराने तर कधी ‘आणि’च्या चिन्हाने छापतात. दोन्ही रीतीने शोधल्याशिवाय काही सापडलं नाही असं म्हणू नका.

कलावंतांच्या यादीत नावापुढे ‘के. गे.’ अशी दोन अक्षरं दिसली तर ती कोणाची आद्याक्षरं नव्हेत. ‘काओ गोस्त’, पाहुणा म्हणून, असा त्यांचा अर्थ. तो नट त्या संस्थेच्या कायम संचातला नव्हता. हा भेद महत्त्वाचा आहे. तिथे नाट्यगृहाचा पगारी संच असतो आणि ‘आंगाझ्मान’ म्हणजे त्या संचातली नेमणूक. ‘द्रामे एचएनके’चा सदस्य म्हणजे नाटकात काम केलेला कोणीही नव्हे, ऑपेरा आणि बॅलेच्या जोडीला असलेल्या नाट्य विभागाचा तो सदस्य. एका भूमिकेपुढे दोन नावं तिरक्या रेघेने असतील तर दोघे आलटून पालटून करत होते. पहिल्या प्रयोगाला दोघांपैकी कोण उभा राहिला, हे परीक्षणातून शोधावं लागतं.

हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होऊन जूनला संपतो, म्हणून तिथे ‘१९७३/७४’ असं लिहायची पद्धत आहे. त्यातलं कोणतंही एक वर्ष उचलू नका. तारीख मिळाली तर तारीख, नाहीतर पूर्ण जोडी. उन्हाळी महोत्सव याला अपवाद. दुब्रोव्निकचा महोत्सव १९५० पासून चालतो, १० जुलै ते २५ ऑगस्ट. तिथे एकच वर्ष पुरतं. पण तिथला सापळा वेगळा: गाजलेलं नाटक पुढची काही वर्षं पुन्हा होतं आणि मधे नट बदलतो. ‘लोव्रियेनात्सचा हॅम्लेट’ हे वर्णन १९५२ पासून अनेकांना लागू पडतं. समुद्रावरच्या ३७ मीटर उंच कड्यावरचा तो किल्ला म्हणजे त्यांचं एल्सिनोर, हॅम्लेटचा राजवाडा. म्हणून नावापुढे साल हवंच. शेर्बेजिया तिथे हॅम्लेट झाले ते १९७४ मध्ये.

आणि नेमकं इथे गाडं अडतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, कर्स्तो पापिच यांचा एक चित्रपट आला. इवो ब्रेशान यांच्या नाटकावरून केलेला, नाव ‘मर्दुशा दोन्या गावातला हॅम्लेटचा प्रयोग’. गावचा पक्ष-पुढारी हॅम्लेट बसवायला घेतो, आणि ज्याच्या बापावर सहकारी संस्थेचे पैसे खाल्ल्याचा आळ आहे तो तरुण योत्सो तालमीतून खरोखरच हॅम्लेटच्या जागी जाऊन उभा राहतो. योत्सो म्हणजे शेर्बेजिया. घाईत केलेल्या याद्यांत हे दोन हॅम्लेट एक होतात: कधी चित्रपट नाटकांत जातो, कधी किल्ल्यावरचा प्रयोग चित्रपट बनतो. नोंदी अशा वेगळ्या ठेवा.

रंगभूमी: हॅम्लेट, लेखक विल्यम शेक्सपिअर, भूमिका हॅम्लेट, दुब्रोव्निक उन्हाळी महोत्सव, लोव्रियेनात्स किल्ला, १९७४.

चित्रपट: मर्दुशा दोन्या गावातला हॅम्लेटचा प्रयोग, दिग्दर्शक कर्स्तो पापिच, मूळ नाटक इवो ब्रेशान, भूमिका योत्सो, युगोस्लाव्हिया, १९७३.

दुसरी जुळी जोडी ‘स्कोप्येची मुक्तता’. दुशान योवानोविच यांचं नाटक, ल्युबिशा रिस्तिच यांचं दिग्दर्शन, संस्था केपीजीटी. हा प्रयोग घेऊन मंडळी परदेश दौरेही करून आली. त्याच विषयावर २०१६ चा चित्रपट आहे, तो रादे आणि त्यांचा मुलगा दानिलो या दोघांनी मिळून दिग्दर्शित केलाय. यादीत नाव एकदाच आलं तर दोन्हींपैकी एक गळलंय असं समजा. केपीजीटी ही अक्षरंही फोडून सांगायला हरकत नाही: काझालिश्ते, पोझोरिश्ते, ग्लेदालिश्चे, तेआतार, म्हणजे ‘नाट्यगृह’ हाच शब्द अनुक्रमे क्रोएशियन, सर्बियन, स्लोव्हेन आणि मॅसिडोनियनमध्ये. एका देशाच्या चार भाषांतले नट एका मंचावर आणायचे, ही त्या संस्थेची भूमिका तिच्या नावातच होती.

शेवटचा मोठा टप्पा ब्रियुनी बेटांचा. बोरिस्लाव वुय्चिच यांच्यासोबत शेर्बेजियांनी २००० मध्ये युलिसिस नाट्यसंस्था काढली. पुढच्या उन्हाळ्यात, २००१ मध्ये, छोट्या ब्रियुनीवरच्या मिनोर किल्ल्यात किंग लिअर उभं राहिलं. दिग्दर्शन लेन्का उदोविच्की, लिअर स्वतः शेर्बेजिया. प्रेक्षक फाझाना बंदरातून बोटीने जातात. ही बेटं म्हणजे एकेकाळी टिटोंचं उन्हाळी निवासस्थान. ‘नटसम्राट’ पाहून वाढलेल्या आपल्या वाचकाला हा लिअर एका ओळीत उरकला तर चुकल्यासारखं वाटेल. पाच-सहा ओळी द्या.

देशाचा रकाना

क्रोएशियाने युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं २५ जून १९९१ ला. त्याआधीच्या चित्रपटापुढे देश म्हणून ‘युगोस्लाव्हिया’ हेच लिहायचं, मग नट, दिग्दर्शक आणि स्टुडिओ सगळे झाग्रेबचे असले तरी. पण तेवढ्यावर थांबलात तर खरी माहिती हरवते, कारण तिथली चित्रनिर्मिती प्रजासत्ताकागणिक वेगळी होती. याद्रान फिल्म झाग्रेबची, तशा बेलग्रेड, ल्युब्लियाना, सारायेवोच्या वेगळ्या संस्था. म्हणून दुसरा रकाना: निर्मितीचं शहर.

मिरा फुर्लान यांच्यावरून तो का लागतो ते दिसतं. झाग्रेबची अभिनेत्री, १९८५ चा एमिर कुस्तुरिकांचा चित्रपट सारायेवोचा, कानचं सर्वोच्च पारितोषिक गेलं युगोस्लाव्हियाच्या खाती. एकच रकाना असेल तर यातली दोन तथ्यं खोटी पडतात. द्वोर्निक यांचा ‘नववं वर्तुळ’ (१९६०) ऑस्करच्या परभाषी चित्रपट विभागात नामांकन मिळवून गेला, तोही युगोस्लाव्हियाच्या नावावर. ‘क्रोएशियाला नामांकन’ असं लिहिलेलं दिसतं, ते चूक.

नटाच्या ओळखीबद्दल घाई करू नका. शेर्बेजियांचा जन्म लिका प्रदेशातल्या बुनिच गावी सर्ब कुटुंबात, वाढ विन्कोव्त्सीला, शिक्षण आणि नाव झाग्रेबला. पहिल्या वाक्यात एका विशेषणावर भांडत बसण्यापेक्षा ही तीन ठिकाणं लिहिली की वाचकाला सगळं कळतं.

१९९१ ते १९९४ या काळात यादी पातळ होते, आणि ती पोकळी भरायचा मोह टाळा. युद्ध सुरू झालं, शेर्बेजिया झाग्रेबमधून बाहेर पडले, पुढे लंडनला राहिले. मिरा फुर्लान १९९१ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेतून नव्याने उभ्या राहिल्या. द्वोर्निक स्प्लितलाच राहिले. बेलग्रेडचे नट बाता झिवोयिनोविच यांच्याशी असलेली त्यांची जुनी मैत्री जाहीर पत्रांतून तुटली आणि २००६ मध्ये पुन्हा जुळली. ही पोकळी कारकिर्दीचाच भाग आहे. ‘काही काळ विश्रांती घेतली’ असलं वाक्य तिथे टाकणं अज्ञानाचं लक्षण.

शेर्बेजियांची पोकळी संपते ती १९९४ मध्ये, मिल्चो मान्चेव्स्की यांच्या ‘पावसाआधी’ या मॅसिडोनियन चित्रपटाने. युद्ध टिपून गावी परतलेला छायाचित्रकार अलेक्सांदर ही त्यांची भूमिका. त्या वर्षी व्हेनिसचा सुवर्णसिंह या चित्रपटाला विभागून मिळाला. बऱ्याच देशांत तो १९९५ मध्ये लागला, म्हणून याद्यांत दोन्ही सालं आढळतात. पहिल्या जाहीर खेळाचं साल धरा आणि सगळ्या नोंदींना तोच नियम लावा.

पुरस्कार आणि दूरचित्रवाणी

पुला या शहराचा चित्रपट महोत्सव १९५४ पासून रोमन काळातल्या अँफिथिएटरमध्ये भरतो, बक्षिसाचं नाव सुवर्ण अरीना. ‘मोठी सुवर्ण अरीना’ ही चित्रपटाला असते, नटाला नव्हे. भाषांतरात ‘मोठी’ गळून नटाच्या नावावर एक जास्तीचं बक्षीस चढतं. शेर्बेजियांच्या नावापुढे ‘ब्राव्हो मायस्त्रो’ (१९७८) आणि ‘संध्याकाळच्या घंटा’ (१९८६) लिहा. १९९१ चा महोत्सव रद्द झाला होता, त्या सालचं कुठलंही पारितोषिक दिसलं तर ती नोंद फेकून द्या. व्लादिमिर नाझोर हा क्रोएशियाचा सरकारी कला-पुरस्कार ज्या वर्षासाठी असतो त्याच्या पुढच्या वर्षी देतात. कोणतं साल लिहिलंय ते स्पष्ट करा.

दूरचित्रवाणीला कमी लेखू नका. शेर्बेजियांना तिथल्या घराघरांत पोचवलं ते १९७४ च्या ‘उ रेगिस्त्रातुरी’ने आणि १९७७ च्या निकोला टेस्लावरच्या मालिकेने; टेस्ला तेच होते. द्वोर्निक यांची ‘नाशे मालो मिस्तो’ (आमचं छोटं गाव) नोंदवताना ‘मिस्तो’चं ‘म्येस्तो’ करू नका. ती छपाईची चूक नाही, स्प्लितकडची बोली आहे. ‘इथं’ला ‘येथे’ केल्यासारखं होईल.

इंग्रजी चित्रपट, आता

हे सगळं झाल्यावर ती पहिली यादी उघडा. भूमिका रांगेने लिहिल्या की एक गोष्ट दिसते: ‘द सेंट’मधला (१९९७) त्रेत्याक रशियन, ‘मिशन इम्पॉसिबल २’मधला (२०००) शास्त्रज्ञ नेखोर्विच रशियन, ‘२४’ मालिकेतला (२००७) ग्रेदेंको रशियन, ‘टेकन २’मधला (२०१२) मुराद अल्बेनियन. हॅम्लेट आणि लिअर केलेल्या नटाला तिथे बहुतेक वेळा एकच दार उघडं होतं, हे लेखात स्पष्ट म्हणायला हवं. दोन पानी टिपणात या टप्प्याला पाव पानापेक्षा जास्त जागा देऊ नका. ‘बॅटमॅन बिगिन्स’मधल्या (२००५) रस्त्यावरच्या बेघरासारखी छोटी भूमिका असेल तर ‘छोटी’ असं लिहा. ‘बॅटमॅनमध्ये झळकले’ असं लिहू नका.

श्रेयनामावली शक्यतो चित्रपट चालू करून डोळ्यांनी वाचा. नाव कोणत्या रूपात आहे, पात्राचं नाव काय छापलंय, दोन्ही टिपा. पात्राचं नाव ऐकून लिहिलं की नेखोर्विचचा नेकोरोविच होतो.

खेळ दाखवायचा असेल तर चित्रपटांचा क्रमही नीट लावा. आधी मर्दुशा दोन्या, मग ‘पावसाआधी’, आणि या दोन्हींनंतर ‘स्नॅच’. उलट क्रमाने लावलं तर प्रेक्षक योत्सोत बोरिस शोधत बसतो. मर्दुशा दोन्याची प्रत मागवताना इंग्रजी उपशीर्षकं कोणत्या प्रतीवर आहेत हे आधी विचारून घ्या आणि पहिली दहा मिनिटं स्वतः तपासा. गावच्या मंडळींनी हॅम्लेटच्या ओळी आपल्या बोलीत ओढूनताणून बसवण्यातच सगळा विनोद आहे. उपशीर्षकात त्या जागी थेट शेक्सपिअरच्या मूळ ओळी टाकल्या असतील तर सभागृहात कोणी हसत नाही. अशी प्रत हाती आली तर टिपणात चार ओळी वाढवून ते प्रसंग आधीच समजावून द्या.